डाव्या हाताला मैला

रंगारीकाकांनी आयुष्यात एकही भिंत रंगवली नाही. त्यांचं स्वतःचं घर गेली अकरा वर्षं त्याच मळकट पिवळ्या रंगात उभं आहे आणि काकू त्यावरून त्यांना अजून ऐकवतात. रंगारी हे नाव पडलं ते हिरव्या पुडीमुळे. डब्यातली चमचाभर पूड मगभर पाण्यात कालवायची, कोणाच्या तरी संडासात ओतायची, वरून दोन बादल्या पाणी सोडायचं, आणि मग बाहेर जाऊन बघत बसायचं, की हे हिरवं पाणी कुठे उगवतं. नऊ वर्षं त्यांनी हेच केलं. आमच्या शहरात असा एकही संडास नाही ज्याची कडी काकांनी वाजवली नाही, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. ते खोटं निघालं, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

मी पालिकेच्या प्रयोगशाळेत काम करते. नदीचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात विष्ठेतले जंतू किती आहेत ते मोजायचं, हे माझं काम. म्हणून मला सगळे बाटलीताई म्हणतात. माझ्या सासूबाईंना हे नाव अजिबात खपत नाही. भर बाजारात कोणी अशी हाक मारली की लोक त्यांच्याकडे वळून बघतात म्हणे. मी तरी काय करू, नाव पडलं ते पडलं.

ज्यांनी कधी रस्त्याखाली डोकावून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमच्याकडे प्रत्येक गल्लीखाली दोन लाइनी शेजारी शेजारी जातात. एक मैल्याची. घराघरातलं संडास-मोरीचं पाणी तिच्यातून शहराबाहेरच्या शुद्धीकरणाच्या प्लँटमध्ये जातं, तिथे हौदांत निवळतं आणि बऱ्यापैकी शहाणं होऊन मग नदीला मिळतं. दुसरी पावसाची. रस्त्यावरचं पाणी तिच्यातून थेट नदीत जातं. वरून दोन्हींची झाकणं सारखी, आत दोन्हींचे पाइप सिमेंटचे आणि एकाच मापाचे. एखाद्या घराची जोडणी चुकून पावसाच्या लाइनीला झाली, की त्या घरातलं सगळं न थांबता नदीत. घरातल्यांना पत्ताही लागत नाही, कारण त्यांच्या बाजूने सगळं सुरळीत वाहत असतं.

काका बाविसाव्या वर्षी घरं लाइनीला जोडण्याच्या कामावर लागले. त्यांना शिकवलं एका म्हाताऱ्या मुकादमाने. नकाशे होते, पण ते साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब कायम बैठकीला. तेव्हा मुकादमाने आपल्या माणसांकडून एकच नियम घोटून घेतला होता: नदीकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला मैला, उजव्या हाताला पाऊस. पाइप टाकणारी टोळी हाच नियम पाळायची आणि नंतर येऊन घरं जोडणारी टोळीही हाच. काकांच्या तोंडी तो इतका बसला होता की नातीला डावा-उजवा हात शिकवतानाही त्यांनी असंच शिकवलं. ती बालवाडीत बाईंना हात वर करून म्हणाली, "हा माझा मैल्याचा हात." बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

दहा वर्षांपूर्वी प्लँट सुरू झाला. फीत कापली गेली, भाषणं झाली, आणि वर्षभराने साहेबांच्या लक्षात आलं की प्लँटमध्ये यायला हवं त्याच्या निम्मंच पाणी येतंय. उरलेलं निम्मं अजून नदीतच चाललं होतं. घरोघर जाऊन चुकीच्या जोडण्या हुडकायचं काम निघालं आणि सगळ्यांनी हात झटकले. परक्याच्या संडासात जाऊन उभं राहायचं आणि वर त्यालाच सांगायचं की बाबा रे, तुझी घाण नदीत जातेय, हे कोणाला हवं असतं? काकांनी ते आपणहून अंगावर घेतलं.

आणि केलंही झकास. दारात चपला काढायचे, स्वतःचा साबण आणि स्वतःचं फडकं बरोबर न्यायचे, काम झाल्यावर त्या घरचा संडास आधीपेक्षा स्वच्छ करून द्यायचे. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने दार किलकिलं करून सुनावलं, "आमच्याकडे तसलं काही नाही." काकांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "संडासच नाही?" तिने मुकाट्याने दार उघडलं. प्रत्येक गल्लीला त्यांच्या वहीत एक पान होतं, प्रत्येक घराला एक ओळ. बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकीचं असेल तर लाल फुली, आणि शेजारी शेऱ्याचा रकाना. जोडणी कोणी चुकवली हेही ते शेऱ्यात लिहायचे. त्यात त्यांना कोणाची भीड नव्हती. माझ्या माहेरच्या घराला लाल फुली मिळाली तेव्हा माझ्या वडिलांनी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता.

हळूहळू नदी खरंच बदलली. काळं पाणी करडं झालं, करड्याचं हिरवट झालं, मग तळातले दगड दिसू लागले. नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे जुन्या दगडी पायऱ्या आहेत. तिथे लोक पुन्हा पाण्यात उतरू लागले. चार वर्षांपूर्वी काकांच्या लेकीने तिथे पोहण्याचा वर्ग काढला. ती पोहण्यात पहिल्यापासून पटाईत, नवऱ्याची बदली लांब झालेली, त्यामुळे मुलीला घेऊन ती माहेरीच राहत होती. चाळीस मुलं यायची. वर्ग हाच तिचा जीव. सकाळी शिट्टी ऐकू आली की काका कामावर जाताना मुद्दाम वाट वाकडी करून पायऱ्यांवरून जायचे आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचे, "ह्या पाण्यापायी माझी हाडं झिजलीत." आम्हाला ते पाठ झालं होतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीला कावीळ झाली. नऊ वर्षांची पोर महिनाभर अंथरुणाला खिळली. काकांनी निकाल देऊन टाकला की शाळेतून चालत येताना बाहेरचं काहीतरी खाल्लं. ती रडून रडून सांगत होती, "मी काही खाल्लं नाही." काका म्हणाले, खोटारडी आहे. मीसुद्धा तिथे होते आणि मीसुद्धा म्हटलं, पोरं असंच म्हणतात. तेव्हापासून मैत्रिणींबरोबर चालत घरी यायचं बंद झालं. काकू शाळेच्या फाटकात जाऊन उभ्या राहायच्या. आता ती अकरा वर्षांची झाली तरी आजीचा हात धरून येत होती, आणि तिच्या मैत्रिणी पुढे हसत-खिदळत जाताना दिसायच्या.

या वर्षी नवा नियम आला. आधी मी पुलावरून, भर प्रवाहातलं पाणी घ्यायची. आता लोक जिथे आंघोळीला, पोहायला उतरतात तिथलं पाणी दर महिन्याला तपासायचं होतं. मी पायऱ्यांवर गेले, गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटली भरली, काकांच्या लेकीशी दोन शब्द बोलले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी जंतू उबवायच्या पेटीतून बशी बाहेर काढली तर तिच्यावर निळे ठिपकेच ठिपके. एक ठिपका म्हणजे जंतूंची एक वसाहत. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दुसरी बाटली आणली, तिसरी आणली. मर्यादेच्या आठपट.

साहेबांनी पायऱ्यांवर पाटी लावली: पाण्यात उतरू नये. वर्ग बंद झाला. साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात कारण सापडलं नाही, तर पायऱ्यांना कायमचं कुंपण. पाण्यात बुडून कोणी गेलं तर चालतं, पण कागदावर काही राहायला नको, असे आमचे साहेब. लेक माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "ताई, शोधून काढा. माझ्याकडे दुसरं काही नाही." काकांच्या निवृत्तीलाही नेमके तीनच महिने राहिले होते.

संशय सगळ्यांचा एकदमच गेला तो लाँड्रीवर. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, दोनशे पावलांवर नदीकाठीच लाँड्री आहे. ती चालवणारी बाई एकटी, तोंडाने फटकळ, आणि कोणाचे डाग निघाले नाहीत तर त्याच्यावरच खेकसणारी. अशा माणसावर खापर फोडणं फार सोपं असतं. मी बैठकीत म्हटलं, "साबणाच्या पाण्याने हे जंतू वाढत नाहीत." माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. काकाच म्हणाले, "तिचा संडास मी सहा वर्षांपूर्वी पास केलाय. पण नंतर तिने चोरून दुसरी लाइन काढली असणार." काकांनी म्हटलं म्हणजे झालंच. गावभर बोभाटा झाला, लोकांनी तिच्याकडचे कपडे उचलून नेले.

काकांनी तिच्याकडे तीनदा हिरवं पाणी ओतलं. तिन्ही वेळा ते मैल्याच्या लाइनीतच उगवलं, जिथे उगवायला हवं तिथेच. तिसऱ्या वेळी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चौथ्यांदा पण ओता ना. राहिलेच आहेत माझ्याकडे दोन शर्ट, तेही हिरवे करून न्या." काकांनी पाय काढता घेतला.

मग मी माझ्या पद्धतीने शोधायला घेतलं. ओहोटीच्या वेळी काठाकाठाने गेले आणि दर पन्नास पावलांवर एक बाटली भरली. लाँड्रीच्या खालच्या बाजूला ठिपके होते, लाँड्रीच्या अगदी समोर होते, आणि लाँड्रीच्या वरच्या बाजूलाही होते. आणखी पन्नास पावलं वर गेलं की एकदम स्वच्छ. त्या पन्नास पावलांत काठाची दगडी भिंत होती आणि भिंतीच्या तळाशी, शेवाळात दडलेली एक लोखंडी झडप. भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटीला तासभर उघडी पडते. ते पावसाच्या लाइनीचं तोंड होतं. नकाशा बघितला (आता नकाशे माझ्या संगणकावर असतात, कपाटात नाहीत). ती लाइन मधल्या गल्लीतून येत होती.

मी काकांची वही उघडली. मधल्या गल्लीचं पान कोरं होतं. वर गल्लीचं नाव, खाली बावीस घरांचे आकडे, आणि पुढे काही नाही. चार हजारांवर घरांना खुणा होत्या आणि ह्या बावीसांना एकही नाही. मधली गल्ली म्हणजे काकांची गल्ली. त्यांचं पिवळं घर तिथलंच, सात नंबरचं.

जेवणाच्या सुट्टीत मी वही त्यांच्यासमोर ठेवली. "काका, हे पान राहिलंय."

"राहिलेलं नाही. ती गल्ली मी स्वतः जोडलीय. सव्वीस वर्षं झाली."

"मग चमचाभर टाकायला काय जातं?"

त्यांनी डबा बंद केला. अर्धं जेवण तसंच. "बाटलीताई," ते म्हणाले, "तू चड्डीत फिरत होतीस तेव्हापासून मी हे काम करतोय. माझ्या हातची जोडणी मला तपासायला सांगतेस?"

"सगळ्यांच्या हातची तपासलीत ना? माझ्या वडिलांच्या घरची पण तपासलीत."

ते उठून गेले. मलाही राग आला. मी मनात म्हटलं, दुसऱ्याच्या संडासात नाक खुपसायला बरं वाटतं, स्वतःच्या संडासाशी आलं की मानपान. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझा राग खरा होता, पण मला ते चुकलेले नको होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात पुडीचा डबा. "ओहोटी दहाला आहे," एवढंच म्हणाले.

काकूंना दहाच्या ठोक्याला घरच्या संडासात हिरवं ओतायला सांगून आम्ही झडपेपाशी जाऊन बसलो. काकांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. काका जरा सैल झाले. मला म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." मी झडपेवरची नजर काढली नाही. गल्ली जवळजवळ सपाट आहे, पाणी हळू येतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पंचविसाव्या मिनिटाला झडपेच्या खालून एक बारीक हिरवी धार आली आणि दगडावरून नदीत उतरली. मग धार जाड झाली. एवढा हिरवा रंग मी कधी बघितला नव्हता असं वाटलं, आणि खरं तर तो मी शंभर वेळा बघितला होता.

काका उठले. सरळ गल्लीत गेले, मी मागोमाग. गल्लीच्या बरोबर मध्ये, आपल्या दारासमोर ते थांबले. खालच्या टोकाला घरांच्या फटीतून नदी दिसत होती. त्यांनी डावा हात उचलून बघितला. मग ते सावकाश मागे वळले. वरच्या टोकालाही नदीच होती. आमची नदी ह्या वस्तीला वळसा घालून जाते, त्यामुळे मधल्या गल्लीच्या दोन्ही टोकांना पाणी आहे. अख्ख्या शहरात अशी ही एकच गल्ली. पाइप टाकणारी टोळी वरच्या टोकाने आत आली होती, त्यांनी वरच्या नदीकडे तोंड केलं. दोन वर्षांनी काका खालच्या टोकाने आले, त्यांनी खालच्या नदीकडे तोंड केलं. दोघांनीही मुकादमाचा नियम तंतोतंत पाळला होता. पाइप तेव्हा कोरे करकरीत आणि कोरडे होते, त्यामुळे वासानेही काही सांगितलं नाही.

"बावीस घरं," काका म्हणाले. "सव्वीस वर्षं." मग ते ओट्यावर बसले. मला वाटलं आता नोकरीचं, अब्रूचं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पोरीनं बाहेरचं काही खाल्लं नव्हतं गं."

वर्ग सुरू झाल्यापासून नात आईच्या शिट्टीवर त्याच पाण्यात डुंबत होती. जंतू मोजणारी मी, आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

साहेबांनी ऐकल्यावर आधी कपाळाला हात लावला आणि मग मार्ग काढला. "तांत्रिक दोष असं लिहू. जुनी गोष्ट आहे, कोणाचं नाव नको. तुमचा निरोपसमारंभ आहे, उगाच कशाला." काका म्हणाले, "इतरांची नावं लिहिली ना साहेब?" आणि माझ्यासमोरच वही उघडून त्यांनी बावीस ओळींत बावीस लाल फुल्या मारल्या. प्रत्येक ओळीपुढे शेरा लिहिला: जोडणी चुकीची, केली मी.

पुढचा महिना त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. बावीस घरी स्वतः गेले. रस्ता खणला जाणार, तीन दिवस संडास बंद, कोपऱ्यावर फिरते संडास उभे राहणार, आणि हे सगळं माझ्यामुळे, असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. कोणी हसलं, कोणी तोंडाला येईल ते बोललं. तेरा नंबरच्या आजोबांनी विचारलं, "म्हणजे सव्वीस वर्षं नदीला माझाच हातभार होता म्हणायचा?" लेक मात्र आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट ठेवायची, निघून जायची. नवव्या दिवशी म्हणाली, "बाबा, चाळीस मुलं होती." काका म्हणाले, "हो."

लाँड्रीवालीकडे ते एकटे गेले होते. काय बोलले ते सांगायला तयार नव्हते, पण तिने सांगितलं. काका माफी मागून उभे होते आणि ती इस्त्री फिरवत होती. मग म्हणाली, "तीनदा ओतलंत माझ्याकडे. काम झाल्यावर तुमच्या घरी मी ओतणार. बादली माझी मी आणीन."

आणि आणलीही. नवी जोडणी झाली त्या दिवशी ती बादली घेऊन सात नंबरच्या दारात हजर. चपला न काढता आत गेली, काकूंनी दिलेलं हिरवं पाणी संडासात भसकन ओतलं, वर तीन बादल्या सोडल्या आणि म्हणाली, "भिंतींना जरा रंग द्या हो." काकूंना एवढा आनंद गेल्या अकरा वर्षांत झाला नसेल.

मी कोपऱ्यावरच्या मैल्याच्या चेंबरवर होते. काका नदीवर झडपेपाशी जाऊन बसले होते. आयुष्यभर त्यांनी रंग यायची वाट बघितली, त्या दिवशी ते रंग येऊ नये म्हणून बसले होते. सतराव्या मिनिटाला माझ्या चेंबरमधून हिरवं पाणी वाहत गेलं. मी फोन केला, "आला, काका. माझ्याकडे आला. उठा आता." ते म्हणाले, "हं," आणि आणखी दोन तास तिथेच बसून राहिले. भरती चढून झडप बुडाली तेव्हा उठले.

पण एक काम त्यांनी केलं नव्हतं. सगळ्यांची माफी मागून झाली होती, फक्त नातीशी बोलले नव्हते. पाण्यामुळे आजारी पडलीस, असं आईने तिला सांगितलं होतं. आजोबा मात्र तिची नजर चुकवत होते. मी टोकलं की म्हणायचे, "आधी पाणी सुधारू दे, मग सांगतो." मी म्हटलं, "काका, चार हजार लोकांच्या संडासात बिनधास्त गेलात आणि एका पोरीपुढे पाय लटपटतात?" ते हसले नाहीत. म्हणाले, "लटपटतात."

पाणी सुधारलं. पहिल्या बशीत ठिपके निम्म्यावर आले, दुसरीत मोजायला बोटं पुरली, तिसरी मर्यादेच्या पुष्कळ खाली. दरम्यान काका निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांच्या निष्ठेवर भाषण ठोकलं आणि मधल्या गल्लीचा उल्लेख टाळला. काकांनी उत्तराच्या भाषणात तिच्याशिवाय दुसरं काहीच सांगितलं नाही.

पाटी काढायच्या सकाळी मी पायऱ्यांवर गेले होते. लेक शिट्टी गळ्यात अडकवून कमरेइतक्या पाण्यात उभी होती. चाळीसपैकी एकोणीसच मुलं आली होती. बाकीच्यांच्या आईबापांचा अजून विश्वास बसला नव्हता, आणि मी त्यांच्या जागी असते तर माझाही बसला नसता. नात केस पुसत वरच्या पायरीवर बसली होती. काका तिच्या शेजारी जाऊन बसले. मी मुद्दामच लांब गेले नाही.

"तुला कावीळ झाली ना, तेव्हा तू बाहेरचं काही खाल्लं नव्हतंस," काका म्हणाले.

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस."

ती केस पुसत राहिली. "म्हणजे उद्यापासून आजी शाळेत न्यायला येणार नाही?"

"नाही येणार."

"आणि तुम्ही मला खोटारडी म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. चुकलं माझं."

तिने टॉवेल खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. वहीची गोष्ट तिला माहीत होती, सगळ्या गल्लीला माहीत होती. "मग ते पण लिहा," ती म्हणाली आणि धाडकन पाण्यात उडी मारून आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी निवृत्त माणूस दहाच्या ठोक्याला कार्यालयात. चष्मा लावून माझ्या टेबलाशी बसले, वही मागून घेतली, मधल्या गल्लीचं पान काढलं. सात नंबरच्या ओळीत लाल फुलीशेजारी नवी हिरवी खूण होती, माझ्या हातची. शेऱ्याच्या रकान्यात उरलेल्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

मागच्या आठवड्यात वरून तपासणीला एक तरुण अधिकारी आला होता. वही चाळता चाळता तो त्या पानावर थांबला आणि मला विचारू लागला, "मॅडम, हे काय आहे? नातीने बाहेरचं काही खाल्लं नव्हतं?"

"नोंद बरोबर आहे," मी म्हटलं. "पुढचं पान बघा."